कविराजाची डबी

कवीबद्दल लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. मी पाणीपुरवठ्याचा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण गोड लिहिणं माझ्याने होणार नाही, हे आधीच सांगतो.

बर्लिनला आमच्या विद्यापीठात एक अमेरिकन कवी इंग्रजी कविता लिहायला शिकवायचा. मी आणि पुण्याची केतकी, आम्ही दोघं मराठी, त्याला कविराज म्हणायचो. तो आमच्या ओळी खोडत नसे. खिशातून छोटी कातर काढून नको ती ओळ कागदातून कापायचा, चिठ्ठी पत्र्याच्या डबीत टाकायचा आणि भोकं पडलेला कागद परत द्यायचा. "जखम दिसली पाहिजे," म्हणायचा.

वीस वर्षं बर्लिनमध्ये राहून त्याला जर्मन येत नव्हतं. बेकरीतल्या बाईंवर इंग्रजीत खेकसायचा. वर्गातल्या एका लाजऱ्या मुलीची तर त्याने सगळी कविता कापली आणि उरलेला समास तिच्या हातात दिला. ती पुन्हा आली नाही. त्याने विचारलंही नाही.

माझी आई सोलापुरात विड्या वळते. जर्मनीत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, 'हाऊसवाइफ' म्हणायचो. त्या वर्गात पहिल्यांदा लिहिलं: झोपेतही आईची बोटं वळत असतात. कविराजाने ओळ दोनदा वाचली. "रडगाणं," म्हणाला आणि कातर चालवली.

आईला फोनवर सांगितलं, तर ती हसायला लागली. "छाट काढली म्हण की!" कारखान्यातला चेकर खराब म्हणून विड्या बाजूला काढतो, ती छाट. ती हिशेबात धरत नाहीत आणि परतही देत नाहीत. "त्या डबीचं काय करतो ते बघ बाबा," आई म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं. केतकीने पान उघडून समोर धरलं. बोटं तीच होती; आई मात्र त्याची झाली होती. मी त्याच्या खोलीत गेलो.

"सर, ही माझी ओळ आहे."

"तू ती सोडलीस."

"तुम्ही कापलीत."

"मग परत का नाही मागितलीस?"

मी बाहेर येऊन केतकीला सगळं सांगितलं. "अरे मग तक्रार कर ना! घाबरतोस काय?" केतकी चिडली. मी खरंच घाबरलो. थिसिस त्याच विद्यापीठात व्हायचा होता.

कबूल करायला जिवावर येतं, पण कापायला त्यानेच शिकवलं. हा मजकूरही मी कातर घेऊनच लिहिलाय. तुकडे माझ्या खणात आहेत.

गेल्या आठवड्यात केतकीचा हॅम्बर्गहून मेसेज आला: कविराज गेला. सोबत मृत्युलेखाचा फोटो होता. त्यात त्याची सर्वांत हळवी म्हणून एकच ओळ दिली होती.

मी ती आईला फोनवर मराठीत सांगितली. पलीकडे विडीची पानं कापणारी तिची कातर थांबली.

"ही तर छाट होती ना रे?"