डावीकडची गोणी

मागच्या चाकाच्या तारा पुन्हा सैल झाल्या, म्हणून केंदूरचे आप्पा मोटारसायकल घेऊन माझ्या गॅरेजवर आले.

"नीट आवळल्याच न्हाईत तू," आल्या आल्या म्हणाले.

मी चाक फिरवत एकेका तारेवर पान्हा वाजवला. सैल तारांचा आवाज बद्द येत होता. झेंडूची जड गोणी ते कायम डावीकडंच बांधतात.

"आप्पा, वजन दोन्हीकडं वाटा की!" मी वैतागलो.

"उजवीकडं सायलेन्सर हाय. फुलं भाजत्यात."

मी तारा आवळल्या, डुलणारं चाक सरळ केलं. आप्पांनी गोणी डावीकडंच बांधली आणि जाताना मूठभर झेंडू हत्यारांच्या डब्यावर ठेवला.

तिथला मागच्या खेपेचा झेंडू अजून सुकलाही नव्हता.