मारिसोलच्या सारणातलं मीठ

यिशुनच्या स्टेशनातून बाहेर पडले आणि पहिली नजर गेली ती वाळत घातलेल्या कपड्यांवर. उंचच उंच इमारती, आणि खिडक्याखिडक्यांतून बाहेर काढलेल्या बांबूंवर चादरी, शर्ट, मुलांचे गणवेश. सिंगापूर म्हणजे नुसते काचेचे मनोरे, असं साताऱ्यात ऐकून आले होते. म्हटलं, चला, इथंही माणसं धुणी धुतात!

मी शिवणकामाची निवृत्त शिक्षिका. आले होते भाचीकडे, मुग्धाकडे. ती बँकेत नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी एका व्यापारी संघटनेला कागदपत्रांत मदत करणारी. लॅटिन अमेरिकेकडून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांची ही संघटना. सगळे नुसतं 'चेंबर' म्हणत. तिसऱ्या दिवशी माझी चुळबुळ बघून मुग्धा म्हणाली, "आत्या, घरात बसून कंटाळशील. उद्या मारिसोलला मदत कर. तिला करंज्यांना मुरड घालणारे हात हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हौगांग भागात उतरलो. हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली ओळीने खाण्याचे गाळे) काया टोस्ट खाल्ला. पावावर नारळाचा गोड लेप. त्यात अंडं असतं हे मुग्धाने सांगितलं, तोवर माझा दुसरा मागवून झाला होता. मुग्धा मला चेंबरने घेतलेल्या सामायिक स्वयंपाकघरात सोडून कामावर गेली.

मारिसोल पेरूची. चाळिशीची, ठेंगणी, एका मुलीची आई. नवऱ्याशी पटलं नाही, तरी मुलीच्या शाळेसाठी इथंच राहिलेली. पदार्थ विकायचा तो एम्पनाडा (भट्टीत भाजलेली तिखटमिठाची करंजी), आत पावट्याच्या थोरल्या भावासारख्या दाण्यांचं सारण. कडेची मुरड तर थेट आपली! मी दोन घालून दाखवल्या तशी तिने मला मिठीच मारली. "तिया," म्हणाली. तिया म्हणजे मावशी.

मग तिने आपली अडचण सांगितली. तिचा राहण्याचा पास या धंद्यावरच होता आणि त्याची मुदत संपत आली होती. हाती एखादी पक्की ऑर्डर नसेल तर पास वाढायचा नाही. मुलीची शाळा सोडवून परत जायचं. चेंबरने परवाने काढून दिले, हे स्वयंपाकघर दिलं, आणि आज दुपारी चार वाजता एका सुपरमार्केटच्या खरेदी अधिकारी बाई चव बघायला येणार होत्या. ही एकच संधी.

चेंबरचे मिस्टर लिम आले आणि बाईंपुढे काय बोलायचं त्याची तालीम घ्यायला तिला बाहेर घेऊन गेले. आत मी, मोठ्या पातेल्यातलं सारण, आणि शेजारी झाकण उघडलेली मिठाची बरणी.

मला वाटलं, मीठ घालायचं राहिलं असणार. चाखून बघितलं असतं तर? पण आमच्या घरात आपण रांधलेलं अन्न नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला लावत नाहीत. पन्नास वर्षं स्वयंपाक केला, सगळा अंदाजाने. माझा हात कधी चुकत नाही, असा तोराही होता. घातलं दोन मुठी मीठ, ढवळलं आणि भराभर मुरडी घालत बसले. पर्समधल्या गणपतीच्या तसबिरीपुढे एक ठेवायची हेही ठरवून टाकलं.

अडीच वाजता पहिला ट्रे भट्टीतून निघाला. मिस्टर लिमनी एक घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "टू सॉल्टी लाह, मारिसोल!" 'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट.

मारिसोलने तुकडा तोंडात घातला आणि ट्रे बाजूला सारला. "सकाळी चाखलं होतं मी. ठीक होतं. काळजीने पुन्हा घातलं असेल. माझं डोकंच ठिकाणावर नाही."

 खरं सांगते, मी ओटा पुसायला लागले. परक्या देशात, परक्या माणसांत, मी मेली कशाला बोलू? पण ती स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायला लागली आणि मला बघवेना.

"मी घातलं," मी म्हणाले. मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. देव, नैवेद्य, सगळं.

"न चाखता?" मारिसोल माझ्याकडे बघतच राहिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

भेट पुढे ढकलता येईल का विचारायला मिस्टर लिमनी सुपरमार्केटच्या बाईंना फोन लावला. आज नाही तर पुढच्या वर्षी, एवढंच उत्तर आलं. मग त्यांनी चेंबरच्या ग्रुपवर निरोप टाकला: बिनमिठाचे उकडलेले दाणे कुणाकडे आहेत का? मी मनात गणपतीचा धावा करत होते. पाचव्या मिनिटाला मरीन परेड भागातल्या एका मेक्सिकन खाणावळवाल्याचं उत्तर आलं. आपल्या उद्याच्या दाण्यांचं पातेलं तो टॅक्सीत घालून पाठवत होता. टॅक्सी आली तेव्हा सव्वातीन झाले होते.

निम्मे दाणे, निम्मं सारण. मारिसोलने ढवळलं, चमचा भरला आणि स्वतः न खाता माझ्या तोंडापुढे धरला. "तिया, तू सांग."

माझे ओठ उघडेनात. मग म्हटलं, देवा, पोरीचं घर मोडायला निघाले होते मी, आता तुझं तू बघून घे. चाखलं.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणाले. "पण लिंबू हवं."

तिने दोन लिंबं पिळली. आम्ही दोघींनी तीस एम्पनाडे कसे वळले आणि भाजले, माझं मलाच ठाऊक. मुरड मात्र एकही सुटली नाही. बाई चारला पाच मिनिटं असतानाच हजर झाल्या. एक खाल्ला, दुसरा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. "कळवू," म्हणाल्या आणि गेल्या.

दोन दिवसांनी मी निघाले, तोवर काहीच कळलं नव्हतं. विमानतळावर मारिसोल भेटायला आली. मी माफी मागायला लागले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. 

तीन आठवड्यांनी मुग्धाचा फोन आला. ऑर्डर मिळाली, पासही वाढला. पाठोपाठ फोटो आला: पाकिटावर एम्पनाडा, आणि त्याची मुरड माझ्या हातची. मी ओट्यापाशी उभी राहून घळाघळा रडले.

त्यानंतर गौरी आल्या. आमटीला उकळी फुटली, तशी पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. आमचे हे दारातच थबकले.

"अगं, नैवेद्याच्या आधी?"

"हो," म्हटलं. "इतकी वर्षं देव बिचारा खारट-अळणी मुकाट्याने खातोय. मिस्टर लिम निदान बोलले तरी." आणि आमटीत चिमूटभर मीठ घातलं. कमी होतं.