चुलीत गेलेली नावं

मुलांनो, मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरलीने विचारलं, "आजी, तू अजून त्या प्रार्थनेला जातेस? भीती नाही वाटत?" मी उन्हाळ्याचं काहीतरी बोलून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी लाज वाटली, म्हणून हे लिहिते आहे. यात कोणाचंही नाव नाही. का, ते पुढे कळेल.

लातूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि नांदेडला राहायला आले. दर रविवारी सकाळच्या एसटीने मी हदगावला जाते. तिथे एक भाजीवाली आहे. तिच्या पत्र्याच्या खोलीत पंधरा-सोळा जणी प्रार्थनेला जमत. मी तिसऱ्या पिढीतली ख्रिस्ती. प्रभू म्हटलं की मला चर्चमधली लाकडी बाकं आणि इस्त्रीची साडी आठवायची. भाजीवाली एकदा म्हणाली, "गोठ्यात जलमला, अन् मारलं बी वेशीभायेर. आपल्यातलाच की वो, बाई." हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ते मला फार आवडलं. आपणही दुबळ्यांच्या बाजूच्या आहोत, असं तेव्हा मी धरून चालले होते.

मला सगळं लिहून ठेवायची सवय. तीन वर्षं मी हजेरीची वही ठेवली, इंग्रजीत, लाल शाईने रकाने आखून. नाव, गल्ली, कोणासाठी प्रार्थना करायची, आणि शेवटी बाप्तिस्मा झाला की नाही. बहुतेक जणींकडे हिंदू अनुसूचित जातीचा दाखला आहे, त्यावर लेकरांची फी माफ होते. ख्रिस्ती झालं की तो दाखला राहत नाही. तो शेवटचा रकाना कोणाच्या नजरेस पडला तर दाखला जाईल, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मात्र ते ध्यानातच आलं नाही, आणि बाईंना नको कसं म्हणायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

मग एका रविवारी गाणं चालू असताना बाहेर मोटरसायकली थांबल्या. पाच जण चपला न काढता आत आले.

"धर्मांतर चालू हाय म्हणं इथं. नावं सांगा सगळ्यांची."

वही मांडीवर होती. मी ती हळूच खाली सरकवली आणि तिच्यावर बसले.

"तुम्ही कोण?" पुढच्याने मला विचारलं.

"मी भाजी घ्यायला आलेय," मी म्हणाले. शुद्ध मराठीत, शाळेतल्या आवाजात. कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

भाजीवाली उठली. "नावं कशाला? तुझ्या आईला रोज मेथी मीच देते, तिला इचार माझं नाव. बसा, च्या टाकते. गॅस संपलाय. सरका बाई, चुलीला कागद पायजे." तिने माझ्याखालून वही ओढली आणि पानं फाडायला लागली.

"कसली वही हाय ती?" पुढच्याने विचारलं.

"रद्दी हाय. इंग्रजी हाय, वाचतोस का?" तिने एक पान त्याच्यापुढे धरलं.

त्या पानावर सहा नावं होती. पान घ्यायला त्याचा हात थोडा वर आला. मागचा एक जण हसला, तसा त्याने हात खाली घेतला. पान चुलीत गेलं. एकेक करून सगळी गेली, पुठ्ठासुद्धा. चहा न घेताच ते निघाले. "पुढच्या रविवारी येऊन बघतो," पुढचा जाता जाता म्हणाला.

मोटरसायकलींचा आवाज लांब गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "एवढ्या लांबून एसटीत बसून वांगी न्यायला आल्ता व्हय, बाई?" सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हातात कप दिला. गॅस खरंच संपला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.

ते पुन्हा दोनदा आले. आत आले नाहीत, दारासमोर गाड्या लावून उभे राहिले. त्यानंतर बऱ्याच जणींनी येणं सोडलं. त्यांना मी दोष देत नाही. मलाही दर शनिवारी रात्री झोप लागत नाही. हदगावच्या स्टँडवर मागून मोटरसायकल आली की मी टपरीच्या आडोशाला थांबते. तर थोरले, वाटते भीती, खूप वाटते. कोणी परत "तुम्ही कोण?" असं विचारलं, तर या वेळी काय उत्तर देईन, हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

आता सात जणी येतात. दार लावून घेतो, आवाज खाली ठेवतो, आणि गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतो.