कारध्याच्या काठावरचा हस्की

दर रविवारी सकाळी आम्ही पाच जण पाच कुत्री घेऊन भंडाऱ्याहून नदीच्या जुन्या पुलावरून पलीकडच्या कारध्यापर्यंत पायी जायचो. ही टूम माझीच. नोकरी संपल्यावर दिवस मोठे वाटायला लागले होते आणि घरात माझ्या सोबतीला रस्त्यावरून उचलून आणलेली एक तांबडी गावठी कुत्री तेवढी होती. मेडिकलवाल्याचं लॅब्राडोर सुस्त होतं. निवृत्त हवालदारांचा जर्मन शेफर्ड कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. शाळेतल्या बाईंचा पग अर्ध्या वाटेत बसायचा, मग बाई त्याला कडेवर घ्यायच्या. आणि एका नर्सबाईचा हस्की. बर्फाळ मुलखातल्या जातीचा, निळ्या डोळ्यांचा, अंगावर बोटभर केस. पुलावरची माणसं सायकली थांबवून त्याला बघत.

तो तिच्या भावानं हौसेनं आणला होता. पुढे भाऊ नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि कुत्रा आई-मुलीकडे राहिला. उन्हाळाभर दोघी कूलर त्याच्याकडे वळवून ठेवायच्या, असं ती हसत सांगायची.

एप्रिल संपत आला होता. त्या रविवारी हवालदारांना यायला उशीर झाला, तरी त्यांच्यासाठी थांबू या, असं मीच म्हटलं. निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पुलाच्या मध्यावर नर्सबाई थांबली.

"काका, इथूनच वापस जाऊ का? हा लय धापा टाकून राहिला."

"पाच मिनिटांचं तर आहे," मी म्हटलं. "नदीवर गेला का पाण्यात बसंल. बरं वाटंल त्याले."

ती माझ्या मुलीच्या वयाची होती. मोठ्या माणसाचा शब्द तिनं मोडला नाही.

पलीकडे उतरलो तर काठाशी पाणी दिसेना. दूरपर्यंत जलपर्णी आणि तिच्या अलीकडे गुडघाभर चिखल. माझी कुत्री उड्या मारत त्यातून पार गेली. हस्कीनं दोन पावलं टाकली आणि तो आडवा झाला. जीभ जांभळी पडली होती. आमच्या बाटल्या आम्ही त्याच्या अंगावर रिकाम्या केल्या. एका भाजीवाल्या शेतकऱ्यानं ओलं पोतं आणून पांघरलं आणि आपल्या मालवाहू ऑटोतल्या वांग्यांच्या टोपल्या खाली उतरवून आम्हाला जागा करून दिली. रविवार असल्यानं जनावरांचा दवाखाना बंद होता. मेडिकलवाल्यानं डॉक्टरांना फोन लावला, ते निघालोच म्हणाले. मी मागे बसलो होतो. कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दवाखान्याचं फाटक यायच्या आधीच त्याचा श्वास थांबला. तिला ते कळलं असावं, पण ती त्याच्या कानामागे खाजवत राहिली.

त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मी आणि हवालदारांनी खड्डा खणला. जमीन दगडासारखी झाली होती. तिची आई पाणी घेऊन आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

"तुमी संगं होते म्हणून बरं झालं भाऊ. एकट्या पोरीनं काय केलं असतं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पोरगी पुलावरूनच परत फिरत होती, मीच पुढे नेलं. पण मी पाण्याचा ग्लास घेतला आणि मान हलवली.

पुढच्या रविवारी कुणीच आलं नाही. बाईंचा फोन आला, पगला आता गच्चीवरच फिरवीन म्हणाल्या. कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तर मला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. मनाशी वाक्यं जुळवून गेलो होतो. आई आत चहा टाकत होती, मुलगी ड्युटीवर जायच्या तयारीत होती. मी सुरुवात केली तशी तिनं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"राहू द्या काका. आईले मी सांगतलं, तो घरूनच बिमार होता. भावालेबी तसंच सांगतलं."

"काहून पण?"

"आई तुमाले रस्त्यात भेटली तर तिनं बोलावं ना तुमच्याशी."

ती चप्पल घालून निघून गेली. आईनं चहा आणला. बशीत बिस्किटं होती. ती समोर बसून हस्कीच्या खोड्या सांगू लागली, आणि मी तासभर ऐकत बसलो.