सोनेरी कडांचं बायबल

इथे आखातात, सनदमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर नगरकडची एक नर्स राहते. ती प्रोटेस्टंट, आम्ही वसईचे कॅथलिक. आमचं छान जमतं, पण तिच्या बायबलवरून माझा जळफळाट होतो, हे स्पष्टच सांगते. पुठ्ठा सुटलेला, पानोपानी पेन्सिलीच्या रेघा. ती ड्युटीवरून आली की घरातले सगळे गोल करून बसतात आणि पाळीपाळीने एकेक वचन वाचतात. माझी मुलगी एकदा सहज त्यात जाऊन बसली, ती रोजच जायला लागली. माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोरगी तिथे मराठी वाचते.

"तिकडे युरोपात छापखाना निघाला, म्हणून पुस्तक पाद्र्यांच्या हातातून घराघरांत आलं," नर्स एकदा चहा पिताना म्हणाली. "आम्ही प्रोटेस्टंट उभे राहिलो ते त्याच जोरावर. माझी पणजी अक्षरं शिकली, तीसुद्धा हे वाचता यावं म्हणून."

मला तो टोमणाच वाटला. "आमच्याकडेही आहे हं, चांगलं मोठं," मी म्हटलं.

आमचं लग्नात मिळालेलं. सोनेरी कडांचं, आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यात, क्रुसाशेजारी ठेवलेलं. मी त्याच्यापुढे रोज ताजी फुलं ठेवते. प्रार्थना सगळ्या तोंडपाठ, त्यामुळे ते उघडायची वेळ कधी आली नव्हती.

त्या संध्याकाळी मी मुलीला दारातच अडवलं. "यल्ला, चल, आज आपण घरी वाचू. पाळीपाळीनेच."

पानं कडांना एकमेकांना चिकटली होती. ती नखाने हळूहळू सोडवत बसली आणि मग वाचू लागली. अडखळत, पण माझ्यासमोर, मराठीत. खालच्या घरात आज तिची जागा रिकामी असणार, याचाही मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

एका वचनापाशी ती थांबली. पुन्हा मनातल्या मनात वाचलं. मग कंपासपेटीतली पेन्सिल काढून पानावर टेकवली. मी पटकन तिचा हात धरला.

"अगं, खराब होईल. देवाचं आहे ते."

तिने पेन्सिल ठेवली, पुस्तक नीट मिटलं.

"इट्स ओके, मम्मी. आय विल रीड आंटीज."

चपला घालून ती खाली गेली. थोड्या वेळाने जिन्यातून तिचा आवाज वर आला. वाचायची तिची पाळी आली होती.

मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि त्या पानावर बराच वेळ शोधत राहिले. कुठलं वचन आवडलं, हे मी तिला विचारलंच नव्हतं.