बाबांचा तळवा

केळी भरलेला आमचा ट्रक बांधावर उभा होता आणि काही केल्या सुरू होईना. ऊन चढलं तर माल काळा पडणार होता. हल्ली ट्रक मी चालवते, पण दुरुस्ती अजून बाबांकडेच आहे. त्यांना फारसं ऐकू येत नाही, म्हणून चावी फिरवायला आई केबिनमध्ये बसली आणि मी बाबांजवळ थांबले.

आईने चावी फिरवली. "टक् झालं?" बाबांनी विचारलं.

"एकदाच," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

"आणि दिवे?"

"लख्ख आहेत!"

म्हणजे बॅटरी ठीक होती. आईला पुन्हा पुन्हा चावी फिरवायला सांगून बाबांनी स्टार्टरच्या जाड वायरींचा एकेक जोड चाचपला. चासीपाशी, गाडीच्या लोखंडी सांगाड्याजवळ, त्यांचा हात थबकला. तो जोड तापला होता, म्हणजे वीज तिथेच अडत होती. त्यांनी गंज खरवडून नट आवळला.

कान थकले की माणूस हळूहळू एकटा पडत जातो, असं मला वाटायचं. त्यांचा तो काळा, खरबरीत तळवा पाहताना तसं वाटेना.

गाडी धडधडली. "झाली हो चालू!" आई वरून ओरडली.

इंजिनावर तळवा टेकवून बाबा हसले.

"ऐकू आलं," म्हणाले.