लॅमिनेट केलेला दाखला

लोणखेड्याला एका कॉलेजात मी आयुष्यभर कारकुनी केली. कोंबड्यांतलं मला काही कळत नव्हतं, पण कागदातलं सगळं कळतं अशी पक्की समजूत होती. निवृत्तीनंतर खांडबाऱ्याजवळच्या आमच्या शेतात पोल्ट्रीची शेड उभी केली, तेव्हा कोंबड्या बायकोने बघायच्या आणि कागदपत्रं मी, अशी वाटणी मीच जाहीर केली.

पहिली पिल्लं आणायला आम्ही दोघं शेजाऱ्याची पिकअप घेऊन गुजरातेतल्या एका हॅचरीत गेलो. आमच्या भागात बर्ड फ्लू येऊन गेल्यापासून राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर तपासणी कडक असते. म्हणून मी हॅचरीच्या डॉक्टरांकडून पिल्लांच्या तब्येतीचा दाखला घेतला, लस दिल्याची नोंद त्यावर करून घेतली, गाडी औषधाने धुतल्याचा कागद मागितला, गाडीचा नंबर पुन्हा पुन्हा वाचला. डॉक्टर म्हणाले, "एवढं बारकाईने कुणी बघत नाही हो." मी फुगलो. त्याच भरात समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलो आणि दाखला लॅमिनेट करून आणला.

"हाई काय कयं?" बायकोने विचारलं.

"आता पाणी सांडलं तरी दाखल्याला काही होणार नाही," मी म्हणालो. तिने पिल्लांच्या खोक्यांकडे पाहिलं.

नाक्यावर पशुसंवर्धन खात्याच्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी फाईल त्यांच्यासमोर अशी ठेवली, जणू बक्षीसच घ्यायला आलो होतो. त्यांनी दाखला उलटसुलट केला.

"काका, हे मूळ आहे की झेरॉक्स?"

"मूळच आहे, मॅडम. खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट केलंय."

"आजच्या एका दिवसासाठी?"

त्यांना दाखल्याच्या मागे नोंद करून शिक्का मारायचा होता. पेन प्लॅस्टिकवर चालेना. शिक्का उठला, पण बोट लागताच पुसला गेला. ते बोट माझं होतं, आणि नंतर ते मी माझ्याच पांढऱ्या शर्टाला पुसलं.

"राहू द्या, आपण दुसरं काही बघू," बाई म्हणाल्या. पण माझी अब्रू पणाला लागली होती. मी ब्लेड मागून घेतलं, कडा कापली आणि प्लॅस्टिक ओढलं. प्लॅस्टिक सुटलं, आणि त्याबरोबर हॅचरीच्या डॉक्टरांची सही आणि निम्मा शिक्काही सोलून आला. आता माझ्या एका हातात सहीविना दाखला होता आणि दुसऱ्या हातात दाखल्याविना सही.

"तुम्हनं डोकं ठिकानवर शे ना?" बायको गाडीतून उतरली. "पिल्लं गरम व्हई ऱ्हायनात! पहिले गाडी सावलीमा लावा."

गाडी निंबाखाली गेली. डॉक्टरीणबाईंनी हॅचरीत फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या प्रतीचा फोटो पाठवला आणि दाखला आपणच दिल्याचं सांगितलं. बाईंनी मग खोकी उघडून पिल्लं स्वतः तपासली. एक त्यांच्या हातावर चढून बसलं, तेव्हा त्या प्रथमच हसल्या.

"पिल्लं चांगली आहेत. पण सही कशी गेली, ते मला लेखी द्या."

ज्या माणसाने कॉलेजातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज लिहून दिले, त्याला एक ओळ सुचेना. बायको शेजारी येऊन म्हणाली, "लिखा, मी शहानपना कया."

मी "माझ्या अतिदक्षतेमुळे" असं लिहिलं. बाईंनी वाचलं, आपल्या फाईलला लावलं आणि आम्हाला सोडलं.

शेडमध्ये पोचलो तेव्हा जमिनीवर पसरलेल्या भाताच्या तुसावर ऊन तिरपं पडलं होतं. बायकोने उबेसाठी बल्ब लावले, भांड्यांत गुळाचं पाणी ओतलं आणि पिल्लांना प्यायला कळावं म्हणून ती एकेकाची चोच त्यात बुडवू लागली. मी दारात उभा होतो. कागद संपले होते, त्यामुळे मला काम उरलं नव्हतं.

"उभा काय ऱ्हायनात? या," ती म्हणाली आणि एक पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं. मी त्याचं जवळजवळ अख्खं डोकंच पाण्यात घातलं. ते शिंकलं, पंख झाडले, आणि मग आपलं आपणच प्यायला लागलं.